खोलीचं दार काढा

लग्नाच्या पंगतीत, बारशात, कुठं ना कुठं अजूनही एखादा जुना माणूस भेटतो आणि म्हणतो, "सर होते म्हणून तुम्ही पोरी मैदानावर दिसलात." पूर्वी मी हसून पान वाढायला निघून जायचे. आता जात नाही. "खरंय," मी म्हणते, "आणि आम्ही होतो म्हणून सर मैदानावरून दिसेनासे झाले." समोरच्याचा घास हातातच राहतो. माझी मुलं कोपर मारतात, आई, इथं नको. मग कुठं? मला विचाराल तर हे चारचौघांतच बोलायचं असतं, जिलेबी वाढली जात असताना. दारं लावून बोलायच्या गोष्टी मी फार पूर्वीच बंद केल्या.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. खाली अप्पांचं भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही. घरात कानडी, दुकानात मराठी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, शाळेत सुकडी मिळायची आणि ती खाऊन आम्ही मुली संध्याकाळी पेठेतल्या व्यायाम मंडळाच्या मैदानावर खो-खो खेळायला पळायचो. स्कर्टखाली मी थोरल्या भावाची चड्डी घालायचे. ती ढगळ असायची, नाडी दोनदा आवळावी लागायची, पण पळताना काही अडायचं नाही. पेठेतल्या मुलीनं तसं पळणं त्या वेळी लहानसहान गोष्ट नव्हती. आमच्या आधीच्या मुली तेरा वर्षांच्या झाल्या की घराआड दिसेनाशा व्हायच्या आणि पुढं एकदम मंडपातच दिसायच्या.

आम्हाला बाहेर काढलं ते मंडळात खो-खो शिकवणाऱ्या सरांनी. हे मी नाकारत नाही. ते घरोघरी गेले, बापांसमोर बसले, चहा प्यायले, "मुलीला माझ्या जबाबदारीवर पाठवा" म्हणाले. अप्पांसारखा माणूस, जो मला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत एकटी पाठवत नसे, तो त्यांच्या शब्दावर तयार झाला. सरांचे कपडे पांढरेशुभ्र, तोंडात पान नाही, सुपारी नाही, सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे. उपकार खरे होते, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड होऊन बसलं. त्या माणसाविरुद्ध बोलणं म्हणजे आपल्या हातानं आपला खेळ बंद करणं, हे आमच्यातल्या लहानात लहान मुलीलाही कळत होतं.

त्यात सर पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेलं माणूस म्हणजे पायाळू, आणि पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय लावून घ्यायचा, हे आमच्याकडं घरोघरी मानतात. आमच्या पेठेनं त्यात मनगट, गुडघा, घोटा, पिंढरी, सगळं घातलं. सकाळी मैदानाच्या कडेच्या खोलीपुढं माणसं रांगेत असायची. हमाल, हॉटेलवाले, विडीच्या कारखान्यातल्या बाया. बाप्ये लोक ओट्यावर पालथे पडायचे, सर त्यांच्या कमरेवर पाय ठेवायचे, आणि माणूस "गेली की उसण!" म्हणत उठायचा. खरंच जायची की काय, देव जाणे. पण चहाच्या गाड्यावर कौतुक मात्र दिवसभर चालायचं.

खेळताना आमचे पाय रोजच मुरगळायचे. पहिल्या पहिल्यांदा मुलींनाही सर ओट्यावरच बघायचे. मग एकदा एका मुलीची पिंढरी आखडली, ती ओट्यावर पाय पसरून बसली, आणि रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून बघत राहिला. झालं. पेठेत दोन दिवस तेवढीच चर्चा. मुलींचे पाय असे उघड्यावर? आमच्याच आयांनी मग पदर सावरत सरांना जाऊन सांगितलं, "पोरींना आत घेत जावा, सर. दार लावून घेत जावा." घरून करडईच्या तेलाची बाटली द्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. अव्वा, म्हणजे माझी आई, त्या घोळक्यात होती. सर मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." ते वाक्य आठवलं की अजून माझ्या कानशिलाची शीर उडते.

म्हणजे दार आमच्या अब्रूसाठी लागलं होतं. कुणाची वाईट नजर पडू नये म्हणून.

मी आत गेले होते, एकदा. दुखत होता माझा गुडघा, आणि सरांचा हात गुडघ्याशी थांबला नाही. मी उठले, कडी काढली आणि बाहेरच्या नळावर पाय घासून घासून धुतला. कुणाला सांगावं तर त्याला शब्दच नव्हता माझ्याकडं, ना कानडीत ना मराठीत. मुलीला पाळी आली तर 'बाजूला बसली' म्हणणारी आमची घरं, तिथं याला काय म्हणायचं? त्यानंतर कुठं काही दुखलं तरी मी तोंड उघडलं नाही. आणि हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय, असं मला वाटत राहिलं.

आमच्यात एक चिमुरडी होती, विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, बाप यंत्रमागावर कामाला. वयानं आम्हा सगळ्यांत लहान, पण पळायला लागली की मोठ्या मुली हात चोळत राहायच्या. ती डावीकडं मान वळवायची आणि उजवीकडून निसटायची, आणि निसटल्यावर खिदळायची. मला अक्का म्हणायची. थोरली बहीण म्हणजे अक्का, तिच्या भाषेतही आणि माझ्याही. ती खिदळायची थांबली, ते माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. मग दिसलं की ती एक पाय जपून टाकतेय. घोटा सुजून टम्म झाला होता आणि तरी ती पळत होती, दात आवळून.

मी तिला पाण्याच्या टाकीमागं गाठलं.

"पाय सुजलाय की तुजा. सांगत का न्हाईस?"

"न्हाई दुखत, अक्का."

"अगं, दिसतंय की मला."

"सरांना सांगू नको." तिनं माझा हात धरला. "तेलाची बाटली आणायला लावतेत."

"मग?"

ती अंगठ्यानं माती उकरत राहिली. "दार लावतेत," ती म्हणाली.

पुढचं मला विचारावं लागलं नाही. मला रडू आलं नाही. संताप आला. माझ्याबाबतीत झालं तेव्हा मला नुसती घाण वाटली होती, आपल्यातच काही खोट आहे असं वाटलं होतं. या पोरीत कसली खोट? तिच्या नाकातला शेंबूड अजून पुरता सुकला नव्हता. तिला परत त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथं टाकीमागं ठरवून टाकलं. कसं, ते माहीत नव्हतं.

घरी अव्वा भाकरी थापत होती. मी चुलीशी बसले आणि एका दमात बोलून टाकलं, "सर दार लावून नको तिथं हात लावतात. मला लावला. त्या बारकीला पण."

तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं दाराकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "सुम्म कूड." कानडीत गप्प बस म्हणायची ही रीत. मी लहानपणापासून दिवसातून कितीदा तरी ऐकलेली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई."

"सांगू नको. उद्यापासून जायचं न्हाई तितं."

"मग ती बारकी?"

"तिला तिची आई हाय."

"तिच्या आईला म्हाईत न्हाई, अव्वा."

"अप्पांच्या कानावर गेलं तर काय व्हईल, कळतंय का तुला? खेळ बंद. शाळा बंद. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुजं लगीन." तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि तवा पुरता तापला नव्हता म्हणून ती चिकटली. अव्वाची भाकरी मी पहिल्यांदाच चिकटलेली बघितली.

ती खोटं घाबरवत नव्हती. तसंच झालं असतं. पण एक गोष्ट मी तेव्हाच मनात धरून ठेवली. 'खोटं बोलतीस' असं ती म्हणाली नाही. एकदासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. अव्वा जिन्यात उभी होती, तिनं मला जाताना बघितलं, अडवलं नाही. आणि त्या संध्याकाळपासून ती रोज भाजीची पिशवी घेऊन मैदानाच्या भिंतीशी येऊन उभी राहू लागली. आम्ही एकमेकींशी त्यावर बोललो नाही. बाकीच्या बायांना वाटलं, हिला लेकीच्या खेळाचं फारच कौतुक.

आता एक घरातलं गुपित सांगते. मीही पायाळू. माझेही पायच आधी आले. पण आमच्या घरात ते झाकून ठेवलेलं होतं, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात, आणि गुप्तधन शोधणारे लोक पायाळू पोर पळवून नेतात म्हणतात. आत्याचं तर ठाम मत होतं की पायाळू सून कुणी घरात घेत नाही. ढग वाजले की अव्वा मला गच्चीवरून ओढत खाली आणायची. माझा स्वतःचा या कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. पण आख्ख्या पेठेचा होता. त्याचाच मला उपयोग झाला.

जिल्ह्याच्या सामन्यांआधीचा सराव होता. मंडळाचे अध्यक्ष आणि दोन-चार प्रतिष्ठित खुर्च्या टाकून बसले होते. कडेला आया, भिंतीशी अव्वा. खेळता खेळता बारकी पडली आणि घोटा धरून तशीच बसून राहिली. पुन्हा तोच पाय. सर शिट्टी सोडून लगबगीनं आले. "चल बाळ, खोलीत चल. जरा तेल आणा गं कुणीतरी." तिनं माझ्याकडं बघितलं. तिची नजर मी अजून विसरलेले नाही.

मी जाऊन मध्ये उभी राहिले.

"सर, तुमी ऱ्हाऊ द्या. मी लावते पाय. मी पण पायाळू हाय."

सर हसले. "बाळ, चेष्टा नको. बाजूला हो."

"चेष्टा न्हाई. हितंच लावते. खोलीत कशाला?"

अध्यक्ष खुर्चीतून पुढं वाकले. "कुणी सांगितलं तुला, तू पायाळू हायस म्हणून?"

"अव्वानं. विचारा की तिला. ती काय तितं उभी हाय."

सगळ्या माना भिंतीकडं वळल्या. मी अव्वाला मधोमध आणून सोडलं होतं, न विचारता. ती नाही म्हणाली असती तर मी तिथंच खोटी पडले असते, आणि बारकी खोलीत गेली असती. व्हय म्हणाली तर घराचं गुपित पेठेत फुटणार होतं. अव्वानं पिशवी खाली ठेवली. पदर डोक्यावर ओढून घेतला. भिंतीपासून खुर्च्यांपर्यंत ती चालत आली, आणि बाप्यांच्या समोर इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

"व्हय. पायाळूच हाय. पायच आदी आले हिचे. लई तरास दिला मला."

बायांत हशा पिकला. विडीच्या कारखान्यातली एक म्हातारी ओरडली, "मग लावू द्या की पोरीला! पोरीला पोरीनं पाय लावला तर बरंच हाय!" दुसरी म्हणाली, "व्हय की, दार लावायची पण कटकट न्हाई."

त्या हशानं मला बळ दिलं. मी सरांकडं वळले आणि मनात इतके दिवस घोळत होतं ते विचारलं. "सर, पायाळूचा गुण पायात असतोय. गडीमाणसांना तुमी पाय लावता. मग आमाला हात कशाला लावता?"

हशा थांबला. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. इतकी साधी गोष्ट, त्यांच्याच समजुतीतली, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मी चप्पल काढली, बारकीच्या घोट्यावर अलगद पाय टेकवला, आणि आख्ख्या मैदानासमोर तिचा इलाज केला. सूज काही माझ्या पायानं उतरली नाही. ती उतरली माठातल्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं आणि चार दिवस पाय वर ठेवून. पण खोलीत ती गेली नाही.

सरांनी त्याची वसुली लगेच केली. शिस्तभंग म्हणून मला आणि बारकीला संघातून काढलं. अव्वा रात्री म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, "न्हाई अजून." आणि मग एक झालं, जे सरांना अपेक्षित नव्हतं. मुली माझ्याकडं येऊ लागल्या. एकेकटी, शाळेच्या वाटेवर, नळावर, वाण्याच्या दुकानात. कुणी काही वर्णन केलं नाही. "मला पण," एवढंच म्हणायच्या आणि माझ्या हाताला हात लावून पुढं जायच्या. माझ्या एकटीचं म्हणून मी जे पोटात धरून बसले होते, ते जवळजवळ सगळ्या संघाचं होतं. आम्ही किती वेड्यासारख्या एकमेकींपासून लपवत होतो, याचा मला आजही राग येतो. तो राग आमच्यावर नाही. आम्हाला तसं वाढवणाऱ्यांवर आहे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या पेठेचा संघ सरावाला आला. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुली ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि एक उभी राहून पळते. तिनं मागून 'खो' दिला की बसलेली उठते. आमच्या मुली बसल्या. सरांनी शिट्टी दिली. उभी असलेली मुलगी, आमची कप्तान, दोन पावलं चालली आणि तीही ओळीच्या टोकाला खाली बसली. सरांनी पुन्हा शिट्टी फुंकली. कुणी हललं नाही. मग मी आणि लंगडत बारकी, आम्ही बाहेरून आत आलो आणि ओळीत बसलो. पाहुण्या मुली बघतच राहिल्या.

अध्यक्ष धोतर सावरत मैदानात आले. "काय तमाशा हाय हा? उठा!"

कुणी उठलं नाही.

"काय पायजे काय तुमाला?"

कप्तान माझ्याकडं बघायला लागली. मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "त्या खोलीचं दार काढा."

"दार?"

"व्हय. कडीसकट."

"आणि सामान चोरीला गेलं म्हणजे?"

"जाऊ दे की."

अध्यक्षांनी सरांकडं बघितलं. सर शिट्टीकडं बघत होते. त्या क्षणी अध्यक्षांना सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी चुलीशी अव्वाचा बघितला होता. आणि कळूनही ते म्हणाले, "पोरींचा कायतरी गैरसमज झालाय." हा शब्द पुढं आयुष्यात मी फार ठिकाणी ऐकला. शाळांत, ऑफिसांत, बैठकांत. तो ऐकला की मी समजून जाते की समोरच्याला सगळं समजलेलं आहे.

बघ्यांमधून बारकीचा बाप पुढं आला. यंत्रमागावरची पाळी संपवून तसाच आला होता, केसांत कापूस. पोरीनं घरी काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. मराठी त्याला बेताचीच यायची. तो सरळ खोलीपाशी गेला, खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला आणि बिजागऱ्या सोडवायला बसला. प्रतिष्ठितांपैकी एक "अरे, अरे" म्हणाला, पण जागचा हलला नाही. एक स्क्रू गंजला होता, तो निघेना, तर बापानं दार खांद्यानं उचकटलं. मग ते मैदानात आणून आडवं टाकलं, आणि बारकीला कडेवर घेऊन घरी गेला. इतकी मोठी पोर कडेवर. ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती.

दार निघालं तसे सरही निघाले. महिन्याच्या आत त्यांनी 'घरगुती अडचणीमुळं' मंडळ सोडलं. आणि मंडळानं काय केलं? शाल दिली. नारळ दिला. अध्यक्षांनी भाषण केलं, पेठेतल्या मुलींना ज्यांनी मैदान दाखवलं वगैरे. आम्हाला पुढं बसवलं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हात मांडीखाली दाबून धरले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आमच्या ओळीत कुणाचेही हात हलत नव्हते. पण एवढं सगळं होऊनही मी चुलीशी बोललेलं ते वाक्य काही चारचौघांत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. दाराबद्दल बोललो, तेलाबद्दल बोललो, हाताबद्दल आणि पायाबद्दल बोललो. त्या माणसानं काय केलं ते मोठ्या माणसांपैकी एकानंही उच्चारलं नाही, आणि म्हणून तो शाल पांघरून गेला.

आम्ही खेळत राहिलो. शाळेतल्या एक बाई संध्याकाळी येऊन बसू लागल्या. त्यांना खो-खोतलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वेटर विणत बसायच्या आणि कुणी पडलं की "अगं बाई!" म्हणायच्या. आमचं छान चाललं होतं.

पुढं थंडीत मैंदर्गीहून मामा आला. अव्वाचं माहेर तिथलं. जेवताना तो खुशीत सांगायला लागला, "आमच्याकडं पण पोरींचा खो-खो सुरू झालाय बरं का. सोलापूरचे मोठे सर आलेत, पायाळू हायत, हाताला लई गुण हाय त्यांच्या. गावानं पोरींसाठी वेगळी खोली काढून दिलीय."

अव्वा आमटी वाढत होती. पळी वाटीवरच थांबली. मामा बोलतच होता. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, सुम्म कूड.

सकाळी तिनं अप्पांना सांगितलं, "मी माहेरी जाऊन येते. हिला पण नेते."

"असं एकदम?"

"व्हय. एकदम."

अक्कलकोटला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. बाजाराचा दिवस होता. अव्वा मामाच्या घरी गेली नाही. ती थेट बाजारात गेली, जिथं गावातल्या बाया भाज्यांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. तिच्या बरोबरीच्या, तिच्यासोबत धुणं धुतलेल्या, विहिरीवर भांडलेल्या. त्या हसून उठल्या, "कधी आलीस, लेक केवढी झाली" म्हणायला लागल्या. अव्वानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलली ती कानडीत. मी इथं मराठीत लिहिते, पण कानडीतही ते इतकंच उघडं होतं.

"तुमच्या गावात जो सर आलाय, त्यानं माझ्या लेकीला दार लावून नको तिथं हात लावला. ही बघा. ही माझी लेक."

मी मान खाली घातली नाही. सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं आणि मी सगळ्यांकडं बघितलं. शेजारच्या रांगेतला मिरच्या मोजणारा माणूसही थांबला. एक बाई अव्वाच्या अगदी जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, काय बोलतीस हे भर बाजारात? हिचं लग्न कसं व्हायचं?"

अव्वानं आवाज खाली आणला नाही. "माझ्या पोरीचं मी बघते," ती म्हणाली. "तुझी पोरगी कुठं आहे आत्ता?"

त्या बाईनं हातातला तराजू पाटीत टाकला आणि शाळेच्या मैदानाकडं पळत सुटली. तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी, मग सगळ्याच. भाज्या तशाच उघड्यावर राहिल्या. अव्वानं लुगड्याचा काचा खोचला, माझा हात धरला, आणि आम्हीही पळालो.